चिमाजीरावांचा फेटा आणि विमानाचा पंख

राजुरी, गुरुवार

होऊ घातलेले व्याही चिमाजीराव, मुक्काम पेठ, यांना सावळारामाचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे सगळं ठीक (आमच्या सौ. कुशाबाईच्या कानात अजून धडधडतं, ते सोडून). आपल्या कमरेचा ठणका उतरला असेल अशी आशा आहे. आपण फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

रविवारी जे झालं त्यानं मी अजून हबकलेलाच आहे. सुपारी फोडायला आलेल्या पाहुण्यांना कांदे साठवायच्या बराखीत नेऊ नये, हे मला कळायला हवं होतं. पण आपणच विचारलंत, पोरगी इंजिनिअरिंगला नेमकं करते काय? मग आमच्या पोरीनं, संस्कृतीनं, हौसेनं दाखवलं. चौकटीत बसवलेला हातभर पंख, समोर कांद्याला वारा देणारा मोठा फॅन. पंख फार तिरका केला की वारा त्याच्या पाठीवरून सुटतो आणि पंख खाली बसतो. तेव्हा नेमक्या सुराचा आवाज सोडला की वारा परत चिकटतो. तिनं डबीएवढा स्पीकर लावला, बारीक पीं झालं, आणि पंख खरंच उचलला! माझा वासलेला आ मिटेना. (आपलाही वासला होता, उगाच नाही म्हणू नका.)

तिथंच थांबायचं. पण आपण म्हणालात, "आवो, येवढ्या पिपाणीनं उचलतंय, तर आमच्या गोकुळच्या डीजेनं इमान पार पुण्याला जाईल! आन रं गाडी हिकडं!" सुपारीलासुद्धा भाच्याचा डीजे घेऊन येणारे आपण. मोठा आवाज नको, नेमका सूर लागतो, असं पोरगी कळवळून सांगत होती. पण डीजेपुढं कोणाचं कोणाला ऐकू येणार? पहिल्या दणक्याला चौकटीचे नटबोल्ट सैल झाले, दुसऱ्याला पंख सुटून थेट आपल्या फेट्यात घुसला. (आतलं डोकं शाबूत राहिलं, देवाची कृपा.) तेवढ्यात बराखीची फळी निघाली, कांदे पायाखाली घरंगळले आणि आपण कांद्यांवरून घसरत दारापर्यंत गेलात. बसल्या बसल्या बाहेर पडणारा व्याही मी जन्मात पाहिला नव्हता! "असली सून नगं" म्हणत आपण जीप काढलीत आणि सुपारी ताटात तशीच राहिली.

राव, रागवा, पण माझ्यावर. स्वतःचं वर्षभराचं काम मोडून पडलं असताना पोरीनं आधी आपल्याला उठवायला हात दिला होता. तिचं लग्न मोडलं तर मला फार लागेल.

आपला (अजून तरी) व्याही,
सावळाराम

ता. क. फेटा धुऊन ठेवला आहे. मधोमध एक भोक आहे.

ता. क. दुसरा. आपले चिरंजीव समर्थराव कळंबला मित्राकडे आहेत, असं आपण समजत असाल. ते सोमवारपासून आमच्या बराखीत आहेत. त्यांनी आणि संस्कृतीनं मिळून पंख जोडला, काल तो पुन्हा उचलला. जेवायला हाक मारली तरी येत नाहीत. त्यांचे दोन कपडे पाठवावेत, माझा सदरा त्यांना आखूड होतो.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कुशाबाई धावत आली. त्या दोघांनी सुपारी फोडली! वडीलधारं कोणी नाही, भटजी नाही, अडकित्ता घेऊन फोडली आणि खाल्लीसुद्धा. मी पुन्हा हबकलोय. आपल्या वाटणीचं खांड बाजूला काढून ठेवलं आहे. ते खायला तरी यावं.