गुळगुळीत नट झाला

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं ठीक आहे, ठीक आहे करत राहिले, त्याचा राग मानू नकोस. फोन ह्यांच्या उशाशी असतो. अर्धांगाच्या झटक्यात ह्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण कान असे तिखट राहिलेत की माझ्या मशीनचा दोरा तुटला तरी डोळे वळतात. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय बोलू? म्हणून आपलं हे पत्र.

ह्यांचं आहे तसंच आहे. पाठीवरची जखम भरत आली होती, ती पुन्हा ओली झाली. दुरुस्तीचे कपडे भरपूर येतात. सगळ्यांना पँट कमरेत सैल करून हवी असते आणि सगळे म्हणतात कापडच आटलं. मी मान डोलावते.

आता खरी बातमी ऐक. गुळगुळीतचा नवा सिनेमा टीव्हीवर लागला होता! हसू नकोस. शाळेत असताना त्याचा फोटो माझ्या कंपासपेटीत होता आणि तू त्याला मिशा काढल्या होत्यास, ते मी अजून विसरलेले नाही. ह्यांनी तर लग्नानंतर त्याचं बारसंच केलं, गुळगुळीत म्हणून. खोटं नव्हतं ते. सिनेमात आई मेली तरी पठ्ठ्याचा भांग मोडत नसे. एक भुवई वर केली की प्रेम, दोन्ही केल्या की राग, संपला अभिनय. आणि आपण त्यावर जीव टाकायचो.

तोच पठ्ठ्या आता बघ. पोट सुटलंय, केस विरळ झालेत आणि ते लपवायच्या भानगडीत तो पडलेला नाही. एका बस दुरुस्त करणाऱ्याचं काम केलंय त्याने. बायको अंथरुणाला खिळलेली. तिला हात लावायच्या आधी तो तळवे एकमेकांवर चोळून गरम करतो. शेजारच्याशी गप्पा मारता मारता नजर हळूच लघवीच्या पिशवीकडे जाते, किती भरली बघायला. कुणी शिकवलं गं त्याला हे? एक चूक मात्र केली. तिला उठवताना काखेत हात घालून ओढतो. तसं केलं तर खांदा निखळेल. पण माफ.

आणि तो बेलचा प्रसंग! बेल वाजते तेव्हा तो जमिनीवर बसलेला असतो, चेहरा पार उतरलेला. उठतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत तळहात फिरवतो, हात खाली येईतो तोंडावर हसू आलेलं असतं, आणि मग कडी काढतो. एक शब्द नाही. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. ह्यांनी मधेच डोळे मिटले होते, झोप लागली असावी. तू बघच.

भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमू


२० फेब्रुवारी

चि. ठमूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. पाच पानांत नवऱ्याची बातमी चार ओळी आणि गुळगुळीतची चार पानं! जावईबापूंना बोलता येत असतं तर आज तुझी धडगत नव्हती.

तुझ्या हट्टापायी सिनेमा लावला. अर्ध्यात डोळा लागला बाई. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बसवून रात्री माझेच डोळे उघडे राहत नाहीत. हे म्हणाले, घोरत होतीस. तो जाड झालाय एवढं मात्र दिसलं. बरं वाटलं. सगळं आपल्यालाच का?

आता थट्टा पुरे. दुकानात एक नर्सबाई येतात, त्यांच्या संस्थेत अशीच माणसं ठेवतात. मी स्वतः जाऊन पाहून आले. खोल्या स्वच्छ आहेत, खिडकीबाहेर झाडं आहेत, रोज कूस बदलायला दोन दोन माणसं आहेत. एक खाट रिकामी होतेय. महिनाअखेरपर्यंत माझ्या शब्दाखातर धरून ठेवतील. ठमे, तू मजेत आहे, मजेत आहे म्हणतेस, पण तुझं अक्षर बघ किती तिरकं झालंय. तू काही लोखंडाची नाहीस. नाही म्हणायच्या आधी दोन दिवस विचार कर, मोठी बहीण म्हणून एवढं तरी ऐक.

जावईबापूंना आशीर्वाद. तुझी वाट पाहणारी,
ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस विचार केला, आता नाही म्हणते. रागावू नकोस.

तू झोपलीस म्हणून तुला शेवट माहीत नाही. तो बायकोला अशाच एका संस्थेत ठेवून घरी येतो. रिकाम्या खाटेपाशी उभा राहतो आणि सवयीने तळवे चोळतो. चोळून होतात, आणि मग त्या गरम हातांचं काय करायचं ते त्याला कळत नाही. बस, एवढंच. तिथे मी गुळगुळीतला शंभरपैकी शंभर दिले आणि वर दोन.

पण ताई, हे झोपले नव्हते गं. डोळे मिटून सगळं ऐकत होते. मला दुसऱ्या दिवशी कळलं. जादा पांघरुणं काढायला मी कपाटावरची प्रवासाची बॅग खाली घेतली, तर ह्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. सोडेनातच. आता मी चप्पल घातली तरी बाही धरतात. कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं की तुम्हाला कुठेही पाठवणार नाही. त्यांना पटत नाही. पटलं असतं तरी ते सांगणार कसे म्हणा.

डॉक्टर म्हणाले, आता याहून काही परत येणार नाही, आहे ते टिकलं तर नशीब. मग आहे ते मीच टिकवते. मी मजेत आहे, खरंच. अक्षर तिरकं आहे कारण कागद मांडीवर आहे.

तुझी हट्टी,
ठमू


९ मार्च

चि. ठमूस,
अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचले. हे तुला फोनवर सांगितलंच, पण जे सांगायचं ते राहिलं.

न कळवता आले ते तुला गाठायलाच. खाट अजून रिकामी होती आणि मी तुझ्याशी भांडायच्या तयारीने आले होते. बेल दाबली आणि घरात आहेस की नाही बघायला दाराशेजारच्या खिडकीतून डोकावले. पडदा सरकलेला होता. तू मशीनला टेकून खाली बसली होतीस. ठमे, ती तू नव्हतीसच. तोंड उघडं, डोळे कुठेच नाहीत. मग तू उठलीस, कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवलास, आणि मला दार उघडलं ते माझ्या नेहमीच्या हसऱ्या ठमूने. आणि वर म्हणालीस की ताई किती जाड झालीस. मी पण हसले. काय करणार होते?

घरी आल्यावर सिनेमा पुन्हा लावला, या वेळी बसून पाहिला. बेल वाजली, त्याने हात फिरवला आणि मी हुंदके देऊन रडले. हे धावत आले, म्हणाले सिनेमा आहे गं. मला त्यात गुळगुळीत दिसलाच नाही. तू दिसलीस. तुझ्या दारात मी इतक्या वर्षांत कितीदा उभी राहिले असेन आणि दर वेळी मला वाटायचं की बघा, आपली ठमू कशी आनंदी आहे.

ती खाट दुसऱ्या कुणाला गेली. गेली नसती तरी जावईबापूंनी माझीही बाही धरली होती, ते तू पाहिलंसच. मग मी भांडले नाही. माझी नोकरी सुटत नाही, महिन्यातून एकदाच्या वर येणं जमत नाही. मला काही म्हणजे काही सुचत नाही. मोठी असून तुझ्या कामाची नाही मी.

तुझी,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लोकांच्या खिडकीतून बघतात का? लाज वाटली मला. मग बराच वेळ बरंही वाटलं.

तुला कसं काही सुचेल? सुचण्यासारखं काही नाहीच यात. जखम आता खोल गेलीय आणि ह्यांनी कालपासून चमचा तोंडात घेतलेला नाही. घेतील. नाही घेतला तर पुढचं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

दुपारी गुळगुळीतचा जुना सिनेमा लागला होता, तो दोन भुवयांचा. बघवेना. मला आता एकच वाटतं, त्याच्या घरी कुणीतरी असंच पडून असणार. नुसती तालीम करून ते हात चोळणं येत नाही आणि तो दाराशी फिरवलेला हात तर नाहीच नाही. किती कौतुक केलं मी त्याचं, की आता हा नट झाला. ताई, तो नट झाला नसता तरी चाललं असतं गं. गुळगुळीतच राहायला हवा होता बिचारा, भांग न मोडता.

ह्यांचा नमस्कार. मी तुझं नाव घेतलं की पापणी मिटतात, तो त्यांचा नमस्कार समज. तुझी माया अशीच माझ्या वाट्याला राहू दे.

तुझी,
ठमू

ता. क. पाकिटात जड लागेल ती घराची किल्ली आहे. पुढच्या वेळी आलीस की बेल वाजवू नकोस. सरळ आत ये आणि मी जशी बसलेली असेन तशी बसू दे. कुलूप जरा अडतं, दार आपल्याकडे ओढून मग किल्ली फिरव.