ओवीची तपासणी तुम्ही अडवलीत, अण्णा

प्रिय अण्णा,

जाड कापडाचा झोका, तोल सांभाळायला शिकवणारी सागवानी डुलती फळी, चित्रं अडकवायचा बोर्ड. तिन्ही माझ्या हातचे. फळीच्या कडा कानशीने घासून, वर पॉलिश पेपर मारून गोल केल्या. बाजारातलीला कुसं निघतात. सगळं तुमच्या नातीसाठी. तुम्ही यातलं काहीच पाहिलं नाहीत.

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत जो तो म्हणत होता, "अण्णांचा फार जीव होता पोरीवर." मी वाढता वाढता ऐकत होतो. म्हणून आता लिहितोय.

जीव होता ना? मग ओवी दीड वर्षाची असताना, लस देताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हाक मारल्यावर बघते का? बोटाने दाखवते का?" तेव्हा काय केलंत? लेथवर काढलेले खिशातले नट टेबलावर ओतलेत! ओवीनं लहान-मोठे रांगेत लावले, आणि तुम्ही छाती फुगवून, "बघा म्याडम, टर्नरची नात हाय! हिला कामून तपासायचं?"

"आजोबा, हुशारीची शंका नाही. ती तुमच्याकडे बघत का नाही, ते विचारतेय."

तुम्ही तिला उचललंत आणि निघालात. घरी माझ्या बायकोनं, सवितानं, विषय काढला तर ताटावरून उठलात. "लेकरावर शिक्का मारून आणतो का? उद्या लगीन कसं जमंल?" लग्न! दुधाचे दात पुरते आले नव्हते हो तिला! पुन्हा कुणी बोललं की तुमचं जेवण बंद.

कंपनीत पहिला पीस तपासल्याशिवाय तुम्ही कधी लॉट सुरू करू दिला नाहीत. साहेब ओरडला तरी नाही. तपासलं म्हणजे नापास केलं असं होत नाही, पुढचं काम कसं करायचं ते कळतं. हे मी, आयटीआयचं तोंड न पाहिलेल्यानं, तुम्हाला सांगायचं?

तुम्ही गेल्यावर दाखवलं. ऑटिझम. "लवकर आणायला हवं होतं," असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. सविता म्हणाली, तुमच्या फोटोकडे बघत.

आता ओवी बोर्डावरचं ग्लासाचं चित्र हातात देऊन पाणी मागते. तेव्हा तहान लागली की भिंतीवर डोकं आपटायची, आणि तुम्ही हसून म्हणायचात, "हट्टी हाय, बापावर गेली." हसायचात, अण्णा!

शब्द देतो, यापुढे तिची प्रत्येक तपासणी वेळच्या वेळी होईल, आणि आडवा येईल तो कितीही वडीलधारा असो, त्याला दाराबाहेर काढीन.

आणि हो, माझं सुतारकाम बघून ज्यांनी बोलावलं त्या महाळुंग्याच्या फर्निचर कंपनीला नाही म्हणून कळवलं. तुम्ही जन्मभर ज्यासाठी मला टोचलंत ती पक्की नोकरी, साहेबाची खुर्ची. पण ओवीची थेरपी दुपारी असते, चिंचवडात, आणि ते दुपारी सोडणार नव्हते. महिना एक लाख दहा हजार देत होते.

तुमचा,
दत्ता