आईचा लाडू अडलाय

सुधन्वा,

तू मानेसरहून येशील तेव्हा मी आईचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलेला असेन. तू घरी बनवलेल्या व्हिडिओ गेमच्या मशीनमधला ट्रॅकबॉल, तो माउसऐवजी फिरवायचा गोळा, म्हणजे तिचा लाडू, आज चालेना. हात थरथरतो, माउस धरवत नाही, म्हणून तो लाडू वळल्यासारखा फिरवत ती रोज नातवाचे, आपल्या रुचिताच्या बाळाचे, फोटो बघायची. आज स्क्रीनवरचा बाण फोटोपर्यंत पोचतच नाही. मी बॉल काढून पुसला, परत बसवला. माझ्या हाताने बाण अगदी नीट फिरतो.

तिला मी बॉलच खराब झालाय असं सांगितलंय. तूही तिच्यासमोर स्क्रूड्रायव्हर घेऊन थोडी खटपट कर, नवीन मागवतो म्हण. तिच्या हाताचं काय ते मी डॉक्टरांना विचारून येतो.

बाबा