ओठांवरची कविता

प्रिय दादा,

तू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे पत्र तुलाच लिहितोय.

काल तुझा जुना मूकपट पुन्हा दाखवला. नातीला घेऊन गेलो. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले. ती ओठ वाचते. शेवटी तू नायिकेचा निरोप घेतोस, तिथे पडद्यावर अक्षरं आली, ‘प्रिये, माझी वाट पाहू नकोस.’ नातीने माझी बाही ओढली. “खोटं लिहिलंय, आजोबा! मोठे आजोबा तर कविता म्हणताहेत.” ती एकेक ओळ सांगत गेली आणि मी गारठलो.

आपल्या शाळेतली ती नदीची कविता, मी अजून आंघोळ करताना गुणगुणतो ती! गुरुजींनी तुला उभं केलं, तू पहिल्याच शब्दाला अडखळलास, आणि मी, तुझा सख्खा भाऊ, तुझी नक्कल करून अख्खा वर्ग हसवला. त्यानंतर तू शाळेचं तोंड पाहिलं नाहीस. पुढे बोलपट आले, तुझं काम गेलं, तेव्हाही “तोतऱ्याला कोण घेणार?” असं चारचौघांत मीच म्हणालो.

बाहेर उजेडात आल्यावर मी नातीला विचारलं, “कुठे अडखळला का गं?”

“छे! सलग म्हटली.”

“आणि शेवटी?”

ती जरा घुटमळली. “शेवटी सरळ आपल्याकडे बघून म्हणाले, ‘आता हस की रे, धाकट्या.’”

दादा, तो मूकपट मी तेव्हा पहिल्या रांगेत बसून सात वेळा पाहिला होता.

तुझा,
धाकटा