लाल पावलं

होडीवरून,
१४ मार्च, सकाळ

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं खुशाल. पाणी शांत आहे, स्टोव्ह अजून फुरफुरतो.

होडीचा डेक नवा केला. त्याची खरी किंमत सांगतो : लाल रंगाचे दोन डबे, अर्धी बादली चाळलेली वाळू, तीन दिवस गुडघ्यांवर आणि तुझ्या आईचा चार दिवसांचा अबोला. अबोल्याकडे नंतर येतो.

रंग ओला असतानाच वाळू भुरभुरायची, वाळला की वरून दुसरा हात द्यायचा. आता तेल सांडलं तरी पाय निसटणार नाही. शेजारच्या होडीवरचा सुतार टाच घासून बघून गेला. म्हणाला, "काका, ही होडी आहे की कानस?" मी म्हटलं, "तुझ्या होडीवरून लोक पाण्यात जातात, माझ्या होडीवरून घरी जातात." गेल्या महिन्यात तो स्वतःच्याच शिडीवरून पाण्यात गेला होता.

अठरा वर्षांत इथे कुणी घसरलेलं नाही. दोर खुंटीला, पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा, रबरी तळाच्या चपला शिडीपाशी. बंदराच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून बारीक ओरखडा आला तरी गोड्या पाण्यानं साबण लावून धुवायचं आणि कोरडं करायचं. पाहुण्यांचे तळवेही मी बघतो. तुझी आत्या नाक मुरडते, पण पाय पुढे करते.

मी मात्र अनवाणीच असायचो. या होडीची फळी न् फळी माझ्या तळव्यांना पाठ आहे. डोळे मिटून सांगेन कुठे उभा आहे ते.

आता अबोला. तिसऱ्या दिवशी खाली खोलीत लाल पावलं दिसली, स्टोव्हपासून बिछान्यापर्यंत. मी आवाज चढवला, "ओल्या रंगावरून कोण चाललं?" होडीवर माणसं दोन, तेव्हा प्रश्न कुणाला ते उघडच होतं. तुझ्या आईनं भाजी चिरायची सुरी खाली ठेवली. उठली आणि आपलं पाऊल त्या ठशाशेजारी ठेवलं. ठसा दीडपट मोठा.

"आणि हा रंग नाही," म्हणाली. त्यानंतर चार दिवस काही नाही. दवाखान्यात नेलं तेही न बोलता.

डाव्या तळव्यात उखडलेल्या फळीचा खिळा होता. कधी घुसला, ठाऊक नाही. माझ्यासारख्या साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या पायांची जाण जाते, रोज आरसा धरून तळवे बघा, असं तू तीनदा लिहिलं होतंस. दवाखान्यात दिवसभर असल्याच जखमा धुतेस, तुला कळणारच. मी हसण्यावारी नेलं. पू झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन दिवस थांबला असतात तर पाऊल गेलं असतं. आता जखम भरत आली आहे, हवं तर आईला विचार.

पायाला काही झालं तर होडी विकून तुझ्याकडे येईन, असा शब्द मी दिला होता. तो मोडणार नाही. पण ठरवण्याआधी एकदा येऊन जा. तुझी आई रोज सकाळी मला शिडीवर बसवते, चष्मा लावते आणि माझे तळवे वर्तमानपत्रासारखे वाचते. खोलीतसुद्धा चपला घालायला लावते. अठरा वर्षं हुकूम मी सोडले. आता ती सोडते आणि तिचे पाळले जातात. एवढी पहारेकरीण असताना मी इथे राहू शकेन, असं मला वाटतं. तू नाही म्हणालीस तर सामान बांधतो.

पत्र इथे थांबवलं होतं. मधे आजची तपासणी झाली. चपलेत शिरलेला काचेचा तुकडा उजव्या टाचेतून निघाला. तिनं काढला, धुतला, पट्टी बांधली. मला कळला नव्हता.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
बाबा