किल्ट घालून ड्यूटीवर

गुरुवार, १३ नोव्हेंबर. फहाहील, कुवेत.

आज हॉटेलच्या दारात किल्ट घालून उभा राहिलो. मी! पलटणीत अठरा वर्षं बॅगपाइप वाजवला, पण फुल पॅन्टमध्ये. इथे दोन वर्षं वॉचमन. मी पाइपर होतो हे मॅनेजरला परवा कळलं आणि त्याने पाइप नि हा चौकड्यांचा घागरा समोर ठेवला. म्हणाला, पाहुण्यांचं स्वागत कर, जमतंय का बघू.

सारखं मनात एकच, गुडघे उघडे. गावी पंचा नेसून शेतात उतरतो तेव्हा नाही वाटत लाज. मग इथेच का? त्यात निघताना रूमवरचा दिनेश म्हणाला, "दादा, वहिनीचा परकर आणलास काय?" गुडघे अजूनच उघडे वाटले.

पहिला सूर फाटलाच. दम पुरेना. पिशवी काखेत घट्ट दाबली, पुन्हा फुंकलं, आणि लागला! पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला एक कुवेती म्हातारा आत जाता जाता थांबला. पूर्ण ऐकलं. "झेन, झेन," म्हणाला, म्हणजे छान.

संध्याकाळी मॅनेजरने बोलावलं. "कल से गेट पे दूसरा आदमी." मी पाइप परत करायला पुढे केला. मग हसून म्हणाला, "तू सिर्फ बजाएगा."

बायकोला व्हिडिओ कॉल केला, गुडघ्यांचं, दिनेशचं, म्हाताऱ्याचं सगळं सांगायला लागलो. ती मधेच म्हणाली, "बोलू नका. वाजवा."