बाबांच्या कागदावरचे डाग

घोलवड, १२ नोव्हेंबर २०१७

आज चारोटीला बाबांच्या गाडीचं गिअर ऑइल बदलायला गेले आणि मेकॅनिकशी भांडून आले. तो म्हणे, "ताई, हे नवीन ऑइल सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं. एवढ्या जुन्या गाडीचे कसले लाड?" लाड? चिकूच्या झाडावरून पडून बाबांचा डावा पाय अधू झाला, क्लच दाबता येईना, म्हणून घेतलेली बिनक्लचची गाडी ती.

पण कोणतं ऑइल, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? पुढचा कप्पा उघडला. आत चिकूच्या खोक्यात घालतात तो कागद. वर बाबांच्या अक्षरात ऑइलचं नाव, खाली ओळीने लालसर डाग. दर रविवारी ते गिअर ऑइल मोजायची पट्टी त्यावर पुसायचे, चिकू हुंगावा तसा वास घ्यायचे, तारीख टाकायचे. मीही पट्टी पुसली. माझा डाग काळा, जळक्या वासाचा. ते गेल्यापासून एकदाही बघितलं नव्हतं मी.

कागदावरचंच ऑइल डहाणूहून मागवून घातलं. गिअर आता झटका न देता पडतात. पण तो कागद काही डोळ्यांपुढून हलत नाही. बाबांच्या शेवटच्या डागाशेजारी लिहिलंय, 'सुमीला शिकवायचं.' त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली होती. मी म्हटलं होतं, "पुढच्या रविवारी, बाबा."